उपडा ठेवलेला दात

फुलपाडा, विरार (पूर्व)
९ सप्टेंबर २०२४

श्री. अँथनी तुस्कानो यांस,
स. न.

तुमचे फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत, त्याचा राग नसावा. फोनवर मला बोलता येत नाही. ह्यांचा विषय निघाला की मी नुसती 'हं, हं' करत राहते आणि पलीकडच्याला वाटतं, हिला काही वाटतच नाही. म्हणून लिहिते. पोस्टात नोकरी केली, गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली; पण पत्रांवर शिक्के मारले, लिहिली कधी नाहीत. तेव्हा मांडणी सांभाळून घ्या.

ह्यांना जाऊन दीड महिना होईल. गोखिवऱ्याच्या लॅबमधली ह्यांची निम्मी भागीदारी आता माझ्याकडे आली आहे. त्या धंद्यातलं मला एवढंच कळतं की डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि तुम्ही दोघं कॅप नाहीतर कवळी करून परत देता. अंधेरीची एक मोठी लॅब आहे, तिथे सगळे दात मशीनवर होतात. त्यांचा माणूस घरी येऊन गेला. त्यांना आपली जागा आणि तुमचे डॉक्टर हवे आहेत. माझा मुलगा संकेत बंगळुरूहून रोज सांगतो, आई, देऊन टाक. मी दिली तर तुम्हाला एकट्याला लॅब चालवता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. दिवाळीपर्यंत ठरवते. तोवर ह्यांच्या टेबलावर कोणीही बसू नये, ही विनंती.

दुसरी गोष्ट. तेराव्याला तुम्ही उठून बोललात. हे डॉक्टरांच्या नकला कशा करायचे ते सांगितलंत आणि लोक हसले. माझी जाऊ माझ्याकडे वळून म्हणाली, "भावजी इतके गमत्ये होते होय?" ह्यांनी घरी कधी कोणाची नक्कल केली नाही. असं चारचौघांत पुन्हा सांगू नका.

यमुना परुळेकर


गिरीज, वसई
१४ सप्टेंबर

यमुनावहिनींना नमस्कार.

लोक हसले म्हणून तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा. आमच्या घरात गेलेल्या माणसाची गंमत सांगितल्याशिवाय कोणी मयताच्या घरून उठत नाही. मला वाटलं, तुम्हालाही बरं वाटेल. श्रीरंग लॅबमध्ये कसा होता हे तुम्हाला माहीत नसेल म्हणून थोडं लिहितो.

त्याचं तोंड बंद नसायचं. पॉलिशची मोटर चालू असली तरी तिच्यावर आवाज चढवून बोलायचा. पापडीच्या हिलरी डॉक्टर फार कडक. श्रीरंग बाहेर जाऊन मला फोन करायचा आणि त्यांच्या आवाजात म्हणायचा, "तुस्कानो, हा दात पाठवलाय की खोबऱ्याचा तुकडा?" मी उभा राहून "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" करायचो आणि हा दारातून हसत आत यायचा. दर वेळी फसायचो मी.

मंगळवारी तुमच्या डब्यातलं वालाचं बिरडं अर्धं माझं असायचं. आमच्या घरी शर्लीच्या हातचं कालवण झकास असतं, पण बिरडं तुमचंच.

आता कामाचं. मी एकटा पडलोय. ऋतिका नावाची एक मुलगी ठेवली आहे, नालासोपाऱ्याची, कोर्स केलेली, हात चांगला आहे. पण दाताचा रंग ट्यूबलाइटखाली खोटा दिसतो. त्याला खिडकीचा उजेड लागतो आणि खिडकी श्रीरंगच्या टेबलाशी आहे. सध्या ती दारात उभी राहून काम करते. तिला तिथे बसवू का? तुम्ही हो म्हणालात तरच.

तुमचा,
अँथनी


फुलपाडा
१९ सप्टेंबर

श्री. तुस्कानो यांस,

टेबलाबद्दल आधी लिहिलं तेच.

मंगळवारचा डबा नेहमी पुसून घेतल्यासारखा रिकामा यायचा. मला वाटायचं, ह्यांना बिरडं आवडतं. म्हणून मी मंगळवारी जास्त देत गेले. कसं झालं होतं विचारलं तर म्हणायचे, "ठीक." म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्यासाठीही रांधत होते आणि हे मला सोडून बाकी दोघांना माहीत होतं.

ते वाल सोमवारी संध्याकाळी हे स्वतः सोलत बसायचे. मोड न मोडता, एकेक, एक शब्द न बोलता. हे तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी?

एक विचारते. इतकं बोलायचे, तर माझ्याबद्दल काय बोलायचे? खरं लिहा.

यमुना परुळेकर


गिरीज
२६ सप्टेंबर

यमुनावहिनी,

खरं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. तुमच्याबद्दल तो बोलायचा नाही. मी घरचं काही विचारलं तर "घर घरी" म्हणायचा आणि विषय बदलायचा. वाल तो सोलायचा हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर चिडवून हैराण केलं असतं.

आमच्या लॅबचा एक नियम सांगतो, म्हणजे आम्ही काय बोलायचो आणि काय नाही ते कळेल. सुरुवातीला आमची फार भांडणं व्हायची. पेशंटच्या तोंडाच्या प्लास्टरच्या साच्यावर दात मी घडवायचो, रंग आणि शेवटचा हात त्याचा. एकाने दुसऱ्याची चूक काढली की तोंडाला तोंड लागायचं. एकदा दवाखान्याचा माणूस दारात उभा असताना आम्ही एकमेकांना इतकं घालून पाडून बोललो की तो आणलेलं माप घेऊन तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी श्रीरंग आला आणि म्हणाला, "अँथ्या, यापुढे चूक दिसली तर तोंड उघडायचं नाही. साचा उचलायचा आणि ज्याचं काम त्याच्या टेबलावर उपडा ठेवायचा. काय चुकलंय ते सांगायचं नाही, आपण दुरुस्तही करायचं नाही. ज्याचं त्याने शोधायचं."

मी म्हटलं, "आणि नाही सापडलं तर?"

म्हणाला, "मग कसला कारागीर तू. घरी जाऊन केळी लाव."

त्या दिवसापासून दोघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही दात बाहेर पडला नाही. मशीनवाले आले तेव्हा निम्मे डॉक्टर तिकडे गेले. लॉकडाऊनमध्ये दवाखानेच बंद. आम्ही दोघं रिकाम्या लॅबमध्ये पत्ते खेळत बसायचो. तरी डॉक्टर परत आले, कारण आमचा दात तोंडात बसवताना त्यांना घासत बसावं लागत नव्हतं.

आता लिहितो ते शर्लीलाही सांगितलेलं नाही. तो गेला त्या दुपारी मी हिलरी डॉक्टरांकडे गेलो होतो. बरं वाटत नाही म्हणून तो लवकर घरी निघून गेला. मी परत आलो तर माझ्या टेबलावर एक साचा उपडा. बोळींजच्या एका आजींचा वरचा, पुढचा दात, माझ्या हातचा. तो अजून तसाच आहे. रोज सुलटा करून बघतो, चूक दिसत नाही, पुन्हा उपडा ठेवतो. नोव्हेंबरात आजींच्या नातीचं लगीन आहे, डॉक्टर विचारतायत. तसाच पाठवला तर त्याचं ऐकलं नाही असं होईल. आणि सापडत तर नाही.

अँथनी


फुलपाडा
२ ऑक्टोबर

श्री. तुस्कानो यांस,

तुमचं पत्र वाचलं.

हे घरीही वस्तू उपड्या ठेवायचे.

माझी चप्पल दारात उपडी असायची. चप्पल उपडी पडली की घरात भांडण होतं म्हणतात, म्हणून मी ती घाईने सुलटी करायचे आणि पुटपुटायचे, एवढा मोठा माणूस, पायाखाली बघून चालत नाही. मग रविवारी हे तीच चप्पल पिशवीत घालून चांभाराकडे जायचे. तळ सुटलेला असायचा. गॅसचा लायटर उपडा. मिक्सरचं भांडं उपडं. संकेत नववीत होता तेव्हा त्याची गणिताची वही टेबलावर पालथी. मी सगळं सुलटं करत राहिले. मला वाटायचं, दिवसभर साचे हाताळून हाताला लागलेली खोड आहे. मला काही उमजत नाही असं दिसलं की शेवटी स्वतःच दुरुस्त करायचे. संकेतचं गणितही मग स्वतःच घेतलं.

तुम्हाला ती खूण समजावून सांगितली, मला नाही. हिला आपोआप कळत असेल असं त्यांना वाटलं, की हिला सांगून काय उपयोग असं वाटलं, हे सांगणारा माणूस आता नाही.

तुमच्याशी भांडले, म्हणून तुम्हाला नियम मिळाला. माझ्याशी ते एकदाही भांडले नाहीत. मी तेच सुख समजत होते. शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

काल घरभर हिंडले, काही उपडं राहिलंय का बघायला. स्वयंपाकघरात तर पातेली, वाट्या, पेले, सगळंच उपडं असतं. त्यातलं मी काय ठेवलं आणि त्यांनी काय, कसं ओळखायचं?

तुम्हाला ते 'अँथ्या' म्हणायचे. मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. 'ऐकलं का' म्हणायचे.

तो साचा माझ्याकडे पाठवून द्या. त्यांनी शेवटचं जे काही सांगितलं ते त्यात आहे, आणि बायको मी आहे. तो तुमच्या टेबलावर राहू नये.

यमुना परुळेकर


गिरीज
८ ऑक्टोबर

यमुनावहिनी,

साचा पाठवणार नाही. तो तुमचा नाही आणि माझाही नाही. एका बाईचा दात आहे तो. ती तोंडावर पदर धरून बोलते आणि नातीच्या लग्नात फोटोला उभी राहायची आहे.

रागाने लिहितोय असं वाटलं तर वाटू द्या. तुम्ही शेवटचं म्हणता. शेवटचं तुम्हाला मिळालेलं आहे. त्या संध्याकाळी मी इस्पितळात खाली बसून होतो. वॉचमनने विचारलं, कोण लागता. मी म्हटलं, पार्टनर. तो म्हणाला, "धंद्याचं काय ते उद्या या." मग वरून निरोप आला, आत फक्त घरचे. तुम्ही त्याचा हात धरून बसला होतात, असं कोणीतरी शर्लीला सांगितलं. मी त्याला बघितलं ते चादर ओढलेला. दिवसातले नऊ-दहा तास ज्याच्याशेजारी बसलो त्याचा मी कोण, याला शब्द नाही. तुमच्यासाठी शब्द आहे. तेव्हा हेवा तुम्हालाच वाटतो असं समजू नका.

मी एवढंच म्हणतो, मला काम करू द्या. टेबल रिकामं ठेवलंय, ठेवीन. दसऱ्याला दरवर्षीप्रमाणे अवजारांची पूजा करीन. ती श्रीरंगने सुरू केली. मी मेणबत्ती लावायचो, तो हार घालायचा. यंदा दोन्ही मीच करीन.

अँथनी


फुलपाडा
१५ ऑक्टोबर

श्री. तुस्कानो यांस,

दसऱ्याला मी गोखिवऱ्याला येऊन गेले. तुम्ही बाहेर होतात, मी थांबले नाही. साचा बघितला. चूक सांगते.

दात एकटा बघू नका. बाजूचे बघा. आजींचे बाजूचे दात टोकाशी झिजून सपाट झालेत आणि तुमचा दात कोरा, टोकदार. सत्तरीच्या तोंडात विशीचा दात. तुम्ही तो देखणा केलात आणि रोज त्याचा देखणेपणाच बघत बसलात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

हे मला सापडलं.

यमुना परुळेकर


गिरीज
२० ऑक्टोबर

यमुनावहिनी,

तुमचं पत्र लॅबमध्ये उभ्यानेच वाचलं आणि साचा सुलटा केला. दिसलं. इतकं सरळ दिसलं की माझीच मला लाज वाटली. टोक जरासं घासून बोथट केलं, पुन्हा भट्टीत घालून चकाकी दिली. काल आजींना बसला. हिलरी डॉक्टरांचा फोन आला, "तुस्कानो, यातला तुमचा दात कुठला ते मला शोधावं लागलं." मला आधी वाटलं, श्रीरंगच नक्कल करतोय. मॅडम म्हणाल्या, "हॅलो, हॅलो, ऐकताय ना?"

वहिनी, मी चुकत होतो. मला वाटायचं, त्याची नजर फक्त मला कळते. तुम्ही लॅबमध्ये कधी बसला नाहीत तरी तुम्हाला त्याच्या डोळ्यांनी दिसलं. मी नावापुरता पार्टनर. खऱ्या पार्टनर तुम्ही. हे लिहिताना जड जातंय, पण खरं आहे ते लिहायला हवं.

टेबल तुमच्या मनात असेल तोवर रिकामं राहील. ऋतिकाला सांगितलं की चूक वहिनींनी शोधली. "बरं सर," म्हणाली. संध्याकाळी म्हणाली, दिवाळीनंतर येत नाही, अंधेरीच्या लॅबमध्ये मशीनवर जागा आहे. तेच लोक, तुमच्याकडे आले होते ते. मी अडवलं नाही. किती दिवस दारात उभी राहील ती? तुम्ही अधूनमधून येऊन नजर टाकाल का? तेवढ्यावर मी निभावीन असं वाटतं.

तुमचा,
अँथनी


फुलपाडा
२३ ऑक्टोबर

अँथनी भावजी,

आधी ऋतिकाला थांबवा, मग पुढचं वाचा.

चूक मी शोधली नाही. तिने शोधली.

दसऱ्याला मी झेंडूचा हार घेऊन आले. हार ह्यांच्या घरून यावा, तुमच्याकडून नको, एवढ्याचसाठी आले. दारात एक मुलगी तो साचा उजेडात धरून बघत होती. मला म्हणाली, "सर बाहेर गेलेत. हारवाल्या का तुम्ही?"

मी हो म्हटलं आणि आत जाऊन ह्यांच्या टेबलाकडे वळले.

"मावशी, तिथे नका हां टेकू. ते रिकामं ठेवायचंय. वरून ऑर्डर आहे."

"कोणाची?"

"सरांच्या पार्टनरच्या मिसेसची. पोस्टाने येते त्यांची ऑर्डर. पोस्टमन दिसला की सर चहा टाकून उठतात."

"कडक आहेत वाटतं बाई."

"मी कुठे बघितलंय? पण राग नाही येत मला. माझी आईपण पप्पांची बॅग खुंटीवरून काढू देत नाही, चार वर्षं झाली. फक्त उभं राहून मान जाते ना माझी."

हातात काय आहे, विचारलं. म्हणाली, "हे सरांचं देवघर. रोज ह्याच्यापुढे बसतात. काहीतरी चुकलंय म्हणे ह्यात, आणि सांगणारे गेले."

"मग, सापडलं?"

"मला? पहिल्याच दिवशी." आणि तिने मला बाजूचे दात दाखवले. मी तुम्हाला लिहिलं ते शब्दसुद्धा तिचे आहेत.

मी विचारलं, "मग सांगत का नाहीस?"

"कसं सांगू? माणूस दोन महिने मित्राचं बोलणं शोधतोय. मी कालची आलेली, जाऊन म्हणू का, घ्या सर, सोपं होतं? तुम्ही सांगितलं असतं, मावशी?"

मी ह्यांच्या खुर्चीला हार घातला आणि खाली उतरले.

रिक्षात बसल्यावर अंगाची आग झाली. तुमचा हेवा मी एक वेळ सोसत होते. तुम्ही त्यांच्याशेजारी बसलात, भांडलात, तेवढं कमावलंत. ह्या मुलीने त्यांना पाहिलंही नाही. एका दाताकडे बघून तिला कळलं ते काय म्हणतायत, आणि मला लग्न झाल्यापासून चपलेकडे बघून कळलं नाही. घरी येऊन दोन दिवस तेच तेच मनात फिरलं, आणि मग 'हे मला सापडलं' असं लिहून टपालपेटीत टाकलं. पेटी किती वाजता उघडतात ते मला पाठ आहे. जाऊन परत मागता आलं असतं. गेले नाही.

तुम्ही मला खरी पार्टनर म्हटलंत. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्या फाटल्या. मला हवं होतं ते सगळं त्यात आहे आणि त्यातलं काही माझं नाही. माझ्या नजरेवर तुम्ही लॅब निभावणार म्हणता. मला नजर नाही, भावजी. मला फक्त राग होता.

तुमची चूक तुम्हाला दिसणार नाही. ह्यांची ह्यांनाही दिसत नसणार, म्हणून तर तो नियम केला असेल. चूक काढणारा माणूस गेला, तसा दुसरा आपल्या पायाने चालत आला, आणि मी त्याला दारात उभं केलं. तिला टेबल द्या. माझ्या पुढच्या पत्राची वाट बघू नका.

यमुना


गिरीज
२८ ऑक्टोबर

यमुनावहिनी,

तुमचं पत्र वाचून पहिले दोन तास मी ऋतिकाशी बोललोच नाही. थांबवायला सांगितलंत, तरी. आधी खोटं लिहिलंत म्हणून मी तुमच्यावर रागवायला हवं होतं, पण माझा राग तिच्यावरच निघाला. दोन महिने मी ज्याच्यासाठी डोळे फोडले ते हिला पहिल्या दिवशी दिसलं. तुमची आग कशी झाली असेल ते मला कोणी सांगायला नको.

मग तिला बोलावलं. म्हटलं, तूच शोधलीस ना. म्हणाली, "हारवाल्या मावशींनी सांगितलं ना? मला तेव्हाच कळलं होतं, सर. हारवाली हार दाराला बांधते, खुर्चीला घालून रडत नाही."

तुम्ही रडलात हे तुम्ही लिहिलं नव्हतं.

मी विचारलं, मग त्यांचं नाव झालं तेव्हा गप्प का राहिलीस. म्हणाली, "त्यांना जास्त गरज होती, सर. मला दुसरी नोकरी मिळत होती."

राहायला तयार आहे. पण अट घातली. "हेल्पर म्हणून नाही. तुमचं काम मला परत पाठवता आलं पाहिजे आणि माझं तुम्हाला. आणि तोंडाने सांगायचं, सर. ते उपडं ठेवायचं मुक्याचं नाटक मला जमणार नाही. मी शोधत बसले तर पेशंट म्हातारा होईल."

शनिवारपासून ती खिडकीशी बसते. पहिल्या तासाला मान वर न करता म्हणाली, "सर, हा तिरका आहे." असं मला कोणी तोंडावर सांगून किती वर्षं झाली. मी उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. परत येऊन बघितलं. तिरकाच होता. सरळ केला. मग चहा तिने केला. चहा अगदी बेकार करते.

श्रीरंगचा नियम मोडला, हे मनाला लागलंच आहे. पण तो नियम दोन भांडखोर माणसांसाठी होता. ही भांडत नाही, नुसतं सांगते.

तिला भागीदारीत घ्यायचं म्हणतो. तुमची सही लागेल. आणि अंधेरीवाल्यांना तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. दिवाळीपर्यंत म्हणाला होतात. काय ठरवाल ते मला मान्य आहे असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. विकू नका.

अँथनी


फुलपाडा
४ नोव्हेंबर

अँथनी भावजी,

यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, म्हणून शर्लीने करंज्या पाठवल्या, त्या पोचल्या. तिला सांगा, सारण छान होतं. नुसतं 'ठीक' म्हणत नाही.

अंधेरीच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. कारण विचारलं, तर म्हटलं, जागा भरली. संकेत दोन दिवस बोलला नाही. काल त्याचा फोन आला. मीही या वेळी 'हं, हं' केलं नाही, पुष्कळ बोलले. चक्क भांडलोच आम्ही. शेवटी तो म्हणाला, "आई, तुझा आवाज असा आहे हे मला माहीतच नव्हतं."

कागद तयार करा, सही करते. ऋतिकाचा हिस्सा तुमच्या-माझ्यातून सारखा काढा.

आता एक विचारते. ही अट नाही, नाही म्हणालात तर चालेल. मशीनवाल्यांचा माणूस वसई-विरारभर फिरतो, पण डहाणू, तलासरी, जव्हार, वाड्याच्या डॉक्टरांकडे तो फिरकत नाही. मी चौकशी केली. तिथले डॉक्टर दातासाठी आठ-आठ दिवस थांबतात, आणि पार्सल फुटून येतं ते वेगळंच. पार्सल कसं बांधावं आणि कुठून टाकलं की दुसऱ्या दिवशी पोचतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. दातातलं मला काही कळत नाही, आणि कळतं असं पुन्हा सांगणार नाही. पण एवढं काम मला येतं. घरी बसून निम्मी भागीदारी सांभाळण्यापेक्षा हे बरं.

हेवा गेला असं लिहीत नाही. ती मुलगी त्या खिडकीत बसलेली दिसली की तो पुन्हा वर येणार आहे. तुम्ही ह्यांची एखादी गंमत सांगाल तेव्हाही येईल. तरी सांगा. मीही सांगेन. ते घरी कसे होते, कशाला घाबरायचे, झोपेत काय बोलायचे, ह्यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही. त्याचा तुम्हाला हेवा वाटला तर मला चालेल.

सोमवारी सकाळी येते. मला टेबल नको. पार्सलं बांधायला दाराशी जागा पुरे, ती आता रिकामी झाली असेल.

तुमची,
यमुनावहिनी